खाशाबांना हरवणारा इशिई मुळात ज्युदोपटू होता, तर त्या कुस्तीकडे कसे पाहावे?

कृष्णाकाठ :

नमस्कार. माझे आजोळ कऱ्हाडजवळचे, त्यामुळे गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये ५७ किलो वजनगटात त्यांनी फ्रीस्टाइल कुस्तीचे कांस्यपदक मिळवले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले, त्यांना पाठवता यावे म्हणून राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले आणि परत आल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, एवढे आमच्याकडे शाळकरी मुलालाही पाठ असते. मात्र समोरच्या मल्लाविषयी कोणी काही सांगत नाही. सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशिईने घेतले असे एक वाक्य येते आणि गोष्ट पुढे जाते.

अलीकडे माझ्या वाचनात आले की हा इशिई मुळात ज्युदो खेळणारा होता आणि महायुद्धानंतर कुस्तीकडे वळला. तो खाशाबांच्याच वयाचा. दोघांचाही जन्म १९२६चा. तेव्हापासून ही गोष्ट मनातून जात नाही. अंगरख्याची बाही आणि गळपट्टी धरून खेळण्याची सवय असलेला माणूस उघड्या अंगाच्या कुस्तीत इतक्या थोड्या वर्षांत जगात पहिला कसा येतो? त्या काळी हे दोन खेळ खरोखर वेगळे मानले जात होते, की मल्ल इकडून तिकडे सहज जात होते? आणि खाशाबांना दोन कुस्त्यांच्या मध्ये विश्रांती मिळाली नाही हे जे नेहमी सांगितले जाते, त्याचा निकालावर कितपत परिणाम झाला असेल? जाणकारांनी, विशेषतः ज्यांनी स्वतः आखाड्यात किंवा मॅटवर अंग घासले आहे त्यांनी, सविस्तर लिहावे ही विनंती.

तातामी :

मी बरीच वर्षे पुण्यात मुलांना ज्युदो शिकवतो आणि हा प्रश्न आजवर मला कोणी विचारला नव्हता, म्हणून मनापासून उत्तर देतो.

सुरुवात बंदीपासून करावी लागेल. १९४५मध्ये जपानने शरणागती पत्करल्यावर दोस्त राष्ट्रांच्या, प्रत्यक्षात अमेरिकेच्या, लष्करी प्रशासनाने देशाचा कारभार हाती घेतला आणि युद्धखोर वृत्ती जोपासणारे शिक्षण मोडून काढण्याच्या धोरणानुसार ज्युदो, केंदो यांसारख्या युद्धकला त्याच वर्षाच्या अखेरीस शाळा-महाविद्यालयांतून बाहेर काढल्या. पुढच्या वर्षी या कलांची देशभर पसरलेली मोठी संघटना बरखास्त झाली. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत स्थापन केलेली कोडोकान ही ज्युदोची मूळ संस्था टिकून राहिली, परंतु ज्युदोचे खरे पोषण होत होते ते शाळांच्या आणि विद्यापीठांच्या क्लबांमधून, आणि नेमके तेच दरवाजे बंद झाले. शाळांमध्ये ज्युदो परतला तो १९५० साली. मधली वर्षे म्हणजे इशिईच्या वयाची १९ ते २४, अंगात सर्वांत जास्त रग असण्याची वर्षे. कुस्ती हा मात्र पाश्चात्त्य खेळ म्हणून गणला जात असल्यामुळे तिच्यावर बंदी नव्हती. ज्या मुलांची मुळे ज्युदोत होती आणि ज्यांना कोणाशी तरी झोंबल्याशिवाय करमत नव्हते, ती मुले मॅटकडे वळली. चुओ विद्यापीठाचा इशिई त्यांच्यापैकी एक.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर याहून जुने आहे. जपानचे कुस्तीतील पहिले ऑलिंपिक पदकच मुळी एका ज्युदोपटूचे. कात्सुतोशी नाइतो अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठात शिकत असताना तिथल्या कुस्ती संघात दाखल झाला, संघाचा कर्णधार झाला, आणि १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने फ्रीस्टाइलमध्ये कांस्यपदक घेतले. त्यानंतर इचिरो हात्ता. वासेदा विद्यापीठाच्या ज्युदो संघाबरोबर तो १९२९ साली अमेरिकेला गेला, तिथल्या कुस्तीगीरांशी झालेल्या लढतींत या संघाला हार पत्करावी लागली, आणि परतल्यावर त्याने १९३१मध्ये वासेदात कुस्तीचा क्लब उभा केला. पुढच्याच वर्षी तो स्वतः लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये लढला, आणि युद्धानंतर कित्येक वर्षे जपानच्या कुस्ती संघटनेची सूत्रे त्याच्याकडे होती. म्हणजे जपानी कुस्तीचे घर ज्युदोवाल्यांनीच बांधले होते. बंदी आल्यावर इशिईच्या पिढीला जायला जागा होती ती त्यामुळे.

खुद्द कानोंची एक आठवण आमच्या क्षेत्रात नेहमी सांगितली जाते. त्यांच्याबरोबर शिकणारा एक धिप्पाड गडी त्यांना काही केल्या आवरत नव्हता, तेव्हा त्यांनी सुमोचे डाव पाहिले, पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तके चाळली, आणि त्यातून 'काता-गुरुमा' हा प्रतिस्पर्ध्याला खांद्यावर घेऊन पलीकडे टाकण्याचा डाव बसवला. ज्युदोने पाश्चात्त्य कुस्तीकडून उसने घेतले होते, इशिईने ते हेलसिंकीत व्याजासह चुकते केले असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो. ते सुवर्ण ज्युदोचेही आहे, असे माझे ठाम मत आहे.

लाल माती :

माझे सगळे तारुण्य कोल्हापूरच्या एका तालमीत गेले. ऑलिंपिकचा इतिहास माझ्यापेक्षा इतरांना अधिक माहीत असेल, म्हणून मी केवळ डावांविषयी लिहितो.

ज्युदोचा खेळ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा नावे परकी वाटली, पण दहा मिनिटांत मी शेजाऱ्याला आपली नावे सांगू लागलो होतो. समोरच्याचा हात आपल्या खांद्यावरून ओढून, पाठीवर घेऊन पुढे आदळणे याला ते 'सेओई-नागे' म्हणतात. आमच्याकडे ही धोबीपछाड. त्याच्या पायाच्या बाहेरून आपला पाय घालून मागे पाडणे ही बाहेरची टांग, आतून घातला तर आतली टांग. तातामी सरांनी उल्लेख केलेला काता-गुरुमा म्हणजे आमचा कलाजंग. दोन्ही पाय कवेत घेऊन पाडणे हा दुहेरी पट, तोही त्यांच्याकडे होता, आणि एका पायाचा एकेरी पटही. आता ज्युदोच्या स्पर्धांत पायाला हात लावायला मनाई आहे, परंतु ज्या काळाविषयी आपण बोलत आहोत त्या काळी हे सगळे डाव त्यांच्या खेळात चालत होते.

खाशाबांचा हुकमी डाव म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो ढाक. समोरच्याची मान हाताच्या कवेत घट्ट घ्यायची, त्याला आपल्या अंगाशी चिकटवायचे, कंबर त्याच्या पोटाखाली घालून वळायचे आणि त्याला आपल्या कमरेवरून खाली टाकायचे. ज्युदोतील 'कोशी-गुरुमा' मी पाहिला तेव्हा मला हाच डाव दिसला. यातून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली आहे. ज्या मल्लाने आयुष्यभर कंबर घालणारे प्रतिस्पर्धी पाहिले आहेत, त्याला ढाक येताना दिसतो. हेलसिंकीत खाशाबांनी हरवलेल्या कॅनडाच्या आणि मेक्सिकोच्या मल्लांना कऱ्हाडची ढाक नवीन असेल. इशिईला ती नवीन नव्हती. कंबर आत शिरायच्या आधीच आपली कंबर मागे घेणे किंवा पोट पुढे करून अडवणे हे ज्युदोच्या मुलाला पहिल्या वर्षी शिकवतात. त्या कुस्तीचा डावागणिक वृत्तांत माझ्यापुढे नाही, म्हणून यापुढे जाऊन मी काही म्हणणार नाही, परंतु खाशाबांच्या सर्वांत धारदार हत्याराची ओळख असलेला माणूस त्यांच्यासमोर उभा होता, एवढे नक्की.

बाही नसताना पकड कशी करायची, हा आपला प्रश्न योग्य आहे. घामाने भिजलेले अंग हातातून निसटते. अंगरख्यावर पकड मनगटाच्या आणि बोटांच्या जोरावर टिकते. उघड्या अंगावर बोटांचा उपयोग थोडा, तिथे मान, मनगट, काख आणि कंबर या चारच जागा. बाहीच्या जागी मनगट किंवा दंड, गळपट्टीच्या जागी मान, असा बदल करून तेच डाव चालतात, मात्र अंतर कमी करावे लागते आणि छातीला छाती भिडवावी लागते. हा बदल अंगात मुरायला दोन-तीन वर्षे पुरतात, कारण मुळातली कठीण गोष्ट, म्हणजे समोरच्याचा तोल कोणत्या क्षणी कोणत्या पायावर आहे हे पायाच्या तळव्याला कळणे, ती आधीच आलेली असते. आमचे वस्ताद खडाखडी चालू असताना डोळे मिटायला लावत ते याचसाठी.

याउलट मातीतून मॅटवर जाणे मला त्याहून अवघड वाटते, आणि याचा विचार खाशाबांच्या बाबतीत फारसा होत नाही. हौदातली माती पाय धरून ठेवते. ताक, तेल, हळद घालून मळलेली ती माती अंगाला लागली की पकड बसते, आणि कुस्तीला वेळेचे बंधन नसल्यामुळे मल्ल समोरच्याला दमवतो, तोलतो, संधीची वाट पाहतो. पाठ लागली की संपले, नाही तर बरोबरी. मॅटवर पाय सुटे, अंग निसरडे, वेळ मोजलेला, आणि चितपट झाली नाही तर पंच ठरवणार. खाशाबा १९४८ साली लंडनला ५२ किलो गटात लढले ते या अनोळखी मॅटवर, तिथे रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाने त्यांना तयार केले, आणि तरीही ते सहावे आले. चार वर्षांनी वरच्या गटात जाऊन तिसरे. ही झेप किती मोठी आहे ते माती सोडून मॅटवर गेलेल्यालाच कळेल.

कृष्णाकाठ :

आपण दोघांनीही फार मोलाचे लिहिले. ढाक आणि कोशी-गुरुमा यांची जोड माझ्या कधी लक्षातही आली नसती. विश्रांतीच्या मुद्द्यावर मात्र अजून कोणी लिहिलेले नाही. आमच्याकडे ते अशा तऱ्हेने सांगतात की जणू तेवढी अर्धा तासाची विश्रांती मिळाली असती तर सुवर्ण आपलेच होते.

शिट्टी :

मी राज्य पातळीवर अनेक वर्षे पंच म्हणून काम केले, तेव्हा नियमांच्या बाजूने लिहितो.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. खाशाबा 'उपांत्य फेरीत हरले' असे पुष्कळ ठिकाणी लिहिले जाते, परंतु त्या काळी ऑलिंपिक कुस्तीत आजच्यासारखी बाद फेरी नव्हती. प्रत्येक कुस्तीनंतर मल्लाच्या खात्यात दोषगुण जमा होत: चितपट विजयाला काही नाही, पंचांच्या निर्णयाने मिळालेल्या विजयालाही थोडा दोष, आणि पराभवाला अधिक. ठरावीक मर्यादेला पोहोचला की मल्ल स्पर्धेबाहेर. अशा गाळणीतून शेवटी जे उरत त्यांच्या आपसांतल्या कुस्त्यांवर पदके ठरत. खाशाबांनी कॅनडाचा एड्रियन पोलिक्विन, मेक्सिकोचा लिओनार्डो बासुर्तो आणि जर्मनीचा फर्डिनांड श्मिट्झ यांच्यावर विजय मिळवले आणि शेवटच्या तिघांत ते, इशिई आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेयोव्ह असे उरले. या दोघांकडून हार झाल्यामुळे कांस्य. म्हणजे जे पदक मिळाले ते कुणाच्या गैरहजेरीमुळे किंवा नशिबाने मिळालेले नव्हते. त्या गटातल्या उरलेल्या सर्वांपेक्षा ते सरस ठरले होते.

आता विश्रांती. दोन कुस्त्यांच्या मध्ये किमान अर्धा तास मिळायला हवा होता, तो मिळाला नाही आणि त्यासाठी भांडायला त्या क्षणी भारताचा कोणी अधिकारी तिथे नव्हता, हे खाशाबांविषयीच्या बहुतेक लेखनात येते. इशिईशी लांबलेली कुस्ती आणि लगेच मामेदबेयोव्ह, असा तो क्रम सांगितला जातो. पूर्ण वेळाची कुस्ती तेव्हा १५ मिनिटांची असे. आजच्या मल्लाला तीन-तीन मिनिटांची दोन सत्रे खेळून धाप लागते, हे लक्षात घेतले म्हणजे १५ मिनिटांनंतर दंडात आणि पोटऱ्यांत काय उरत असेल याची कल्पना येईल. मामेदबेयोव्हविरुद्धच्या कुस्तीवर याचा परिणाम झाला असणार, आणि ती कुस्ती जिंकली असती तर रौप्य हाती आले असते, असे मानायला जागा आहे. इशिईशी झालेल्या कुस्तीच्या बाबतीत हे कारण मला पुढे करता येणार नाही. इशिई त्या आठवड्यात त्या गटातला सर्वांत चांगला मल्ल होता. खाशाबांचा मोठेपणा सिद्ध करण्यासाठी त्याचे श्रेय कमी करण्याची गरज नाही, आणि खुद्द खाशाबांसारख्या मल्लाला ते आवडलेही नसते असे मला वाटते.

आणखी एक बाब नोंदवतो, कारण ती नेहमी राहून जाते. त्याच हेलसिंकीत ६२ किलो गटात कोल्हापूरच्या मातीतले केशव माणगावे चौथे आले. एका पायरीने पदक हुकले. एकाच स्पर्धेत आपल्या भागातले दोन मल्ल तिसरे आणि चौथे येतात, याचा अर्थ तेव्हा आपल्याकडे एक अपवादात्मक माणूस होता असे नसून एक घडवणारी परंपरा होती.

ओसाकाकर :

मी मूळचा साताऱ्याचा, नोकरीनिमित्त गेली दहा वर्षे जपानमध्ये आहे. तातामी सरांच्या शेवटच्या वाक्याशी मी आदरपूर्वक असहमत आहे, म्हणून लिहितो.

इशिईचे सुवर्ण ज्युदोचेही आहे, असे म्हटले की ज्युदो शिकलेला कोणीही मॅटवर उतरला तर जिंकेल असा अर्थ निघतो, आणि तसे घडलेले नाही. हात्ताच्या संघाची अमेरिकेतली हार हाच त्याचा पुरावा. इशिईला जिंकवले ते युद्धानंतरच्या वर्षांत विद्यापीठांमध्ये झालेल्या कुस्तीच्या कठोर सरावाने. लंडनच्या १९४८च्या ऑलिंपिकला जपानला आमंत्रणच नव्हते, त्यामुळे या मल्लांना जगासमोर उभे राहण्याची पहिली ऑलिंपिक संधी थेट हेलसिंकीत मिळाली, आणि तिथे इशिईच्या सुवर्णाबरोबर ५२ किलो गटात युशु कितानोने रौप्य घेतले. युद्धानंतरचे जपानचे पहिले ऑलिंपिक सुवर्ण ते हेच. हरलेल्या, अन्नधान्याला महाग झालेल्या देशाला त्याचे काय वाटले असेल, हे स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पदकाचे मोल जाणणाऱ्या आपल्या माणसांना वेगळे सांगायला नको.

महत्त्वाचे आहे ते यानंतरचे. दोनच वर्षांनी, १९५४ साली, जपानने फ्रीस्टाइलची जागतिक स्पर्धा टोकियोत भरवली आणि शोझो सासाहाराने तिथे सुवर्ण मिळवले. त्यानेच १९५६ला मेलबर्नमध्ये ऑलिंपिक सुवर्ण घेतले आणि त्याच्या जोडीला मित्सुओ इकेदाने दुसरे. १९६०ला रोममध्ये एका रौप्यावर समाधान मानावे लागले, तेव्हा हात्ताने संघाला इतक्या कडक शिस्तीत घातले की हरलेल्याने डोके भादरायचे आणि मनाचा धीर वाढावा म्हणून प्राणिसंग्रहालयात सिंहाच्या डोळ्याला डोळा भिडवायचा, असे प्रकारही चालत. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानने कुस्तीची पाच सुवर्णपदके जिंकली. यात ज्युदोचा वाटा पायाभरणीचा, इमारत कुस्तीवाल्यांची.

उलट दिशेची वाहतूकही तितकीच खरी आहे, आणि ती पाहिल्याशिवाय आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अपुरे राहते. वासिली ओश्चेपकोव्ह हा रशियन तरुण कोडोकानमध्ये शिकला, मायदेशी परतल्यावर त्याने ज्युदो शिकवला, त्यात तिथल्या लोककुस्त्यांचे डाव मिसळत गेले आणि 'साम्बो' हा अंगरखा घालून खेळायचा प्रकार तयार झाला. ओश्चेपकोव्ह स्वतः १९३७मध्ये स्तालिनच्या दमनसत्रात तुरुंगात मेला. पुढच्या वर्षी साम्बोला सरकारी मान्यता मिळाली, ओश्चेपकोव्हचे नाव मात्र पुसून टाकण्यात आले. १९६४ला ज्युदो पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला तेव्हा सोव्हिएत संघाच्या साम्बोवाल्यांनी चार कांस्यपदके नेली.

आणि अर्थातच अँटन गीसिंक. हा डच माणूस जवळजवळ साडेसहा फूट उंच, आणि ज्युदोबरोबर ग्रीको-रोमन, म्हणजे फक्त कमरेवरच्या पकडींची कुस्तीही लढलेला. टोकियोत १९५६ साली झालेल्या पहिल्या जागतिक ज्युदो स्पर्धेत तो तिसरा आला, १९६१ला पॅरिसमध्ये कोजी सोनेला हरवून जगज्जेता झाला. तोवर जपानबाहेरचा कोणीही जगज्जेता झालेला नव्हता. टोकियो ऑलिंपिकसाठी ज्युदोचे चार गट होते: ६८ किलोपर्यंत, ८० किलोपर्यंत, त्यावरचा, आणि वजनाची अट नसलेला खुला गट. पहिले तीन जपानने जिंकले. खुल्या गटाची अंतिम लढत २३ ऑक्टोबर १९६४ रोजी निप्पॉन बुदोकानमध्ये झाली, आणि गीसिंकने अकिओ कामिनागाला खाली दाबून 'केसा-गातामे'मध्ये ३० सेकंद धरून ठेवले. निकाल लागताच एक डच पाठीराखा आनंदाने मॅटकडे धावला, तर गीसिंकने कामिनागावरून उठता उठता हात वर करून त्याला थांबवले. ती हाताची खूण इथल्या लोकांना आजही विजयापेक्षा अधिक आठवते. ज्युदो परदेशी माणसाने जिंकला, पण ज्युदोची रीत त्याने मोडली नाही, असे इथले वयस्कर शिक्षक अजून सांगतात.

केसा-गातामे म्हणजे काय? समोरच्याची मान एका कवेत, त्याचा हात आपल्या काखेत, आणि आपल्या बरगड्यांचा भार त्याच्या छातीवर. 'लाल माती' यांनी ढाकेचे जे वर्णन केले आहे, त्या डावाने माणूस पाडल्यावर मल्ल बहुधा याच बैठकीत येऊन पडतो.

तातामी :

ओसाकाकर, आपला आक्षेप मी मान्य करतो. 'ज्युदोचेही सुवर्ण' म्हणताना माझ्या मनात आपल्या विषयाचा अभिमान अधिक होता. तरीही एक गोष्ट पुढे मांडतो. ज्युदोने त्या मुलांना डाव दिले, त्याहूनही अधिक शिकण्याची एक पद्धत दिली. कानोंनी प्रत्येक डावाचे तीन टप्पे पाडले होते: तोल बिघडवणे, अंग जुळवणे आणि टाकणे. डाव असा सुटा करून दाखवता आला की तो दुसऱ्या खेळातही नेता येतो आणि दुसऱ्याकडून आलेला ओळखताही येतो. आपल्या तालमींत हेच ज्ञान वस्तादाच्या हातात आणि नजरेत होते, आणि वस्ताद गेला की पुष्कळसे त्याच्याबरोबर जाई.

भारतातही ही देवाणघेवाण होऊ शकली असती, याची मला हळहळ वाटते. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९२९ साली शिंझो ताकागाकी या कोडोकानच्या शिक्षकाला शांतिनिकेतनात बोलावले होते आणि तिथे मुले-मुली दोघांनाही ज्युदो शिकवला जात होता. तो प्रयोग बंगालपुरता राहिला. कोल्हापूर-सांगलीच्या तालमींचा आणि त्या माणसाचा संबंध आला असता, तर काय झाले असते, या विचाराने मला कित्येकदा अस्वस्थ केले आहे.

लाल माती :

तातामी सरांच्या हळहळीत मीही सामील आहे, परंतु खाशाबांनंतर आपली माती वांझ झाली असे कोणी समजू नये. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत गणपतराव आंदळकरांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य घेतले, मारुती मानेंनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात लावता येत नाही आणि पायाचा डाव चालत नाही. आयुष्यभर पट काढणाऱ्या आणि टांग मारणाऱ्या मल्लाचे निम्मे डाव तिथे बाद होतात. तरीही मातीतली ही माणसे त्यात जिंकून आली. इशिई ज्युदोतून कुस्तीत गेला, तेवढाच मोठा हा बदल आहे, फक्त आपण त्याकडे तशा दृष्टीने कधी पाहिले नाही.

फरक पडला तो पाठीमागच्या माणसांचा. जपानमध्ये पदक आल्यावर दोन वर्षांत जागतिक स्पर्धा भरली आणि सासाहारा तयार झाला. खाशाबा १९५५ साली पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून लागले, गुडघ्याच्या दुखापतीने मेलबर्न हुकले, आणि त्यांनी हेलसिंकीत जे पाहिले ते शिकवण्यासाठी त्यांच्यासमोर मुले बसवावीत असे कोणाच्या मनात आले नाही. १९८४ साली अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, तोही त्यानंतर दीड दशकाहून अधिक काळाने. मॅटवर मातीचे कोणते डाव चालतात, कोणते सोडावे लागतात, ज्युदोतून आलेल्या मल्लासमोर ढाक कशी घालावी, हे त्यांच्याइतके त्या वेळी देशात कोणाला माहीत होते?

तातामी सर, आपण पुण्यात असता, तर एक विनंती करतो. आमच्या तालमीतली चार-पाच मुले अलीकडे मॅटवर चांगली लढू लागली आहेत. आपल्या मुलांना एखाद्या रविवारी घेऊन या. आपली मुले अंगरखे घालून, आमची उघड्या अंगाने, आणि नंतर उलट. ढाक आणि कोशी-गुरुमा एकमेकांसमोर घालून पाहू.

तातामी :

अवश्य येतो. पुढच्या महिन्याचा दुसरा रविवार मोकळा आहे. आमच्याकडचे वीस अंगरखे बरोबर आणीन. आपल्या मुलांच्या खांद्यांच्या मापाचे मोठे लागतील, तेवढे आधी कळवावे.